निजतंस खंय?

गोवंडीच्या त्या गल्लीत सायलेन्सरचं काम करणारे पुष्कळ होते, पण गाडी लावल्याबरोबर ड्रायव्हरला "निजतंस खंय?" असं विचारणारा माणूस एकच होता. झोपतोस कुठे? पाइप कुठे फुटलाय, गाडी कोणती, घाई किती, हे सगळं मागाहून. आधी हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत मेस्त्री गाडीला हात लावायचे नाहीत. लोकांना वाटायचं, म्हातारा सटकलेला आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

त्यांचं खरं नाव गल्लीत कोणी घेत नसे. कणकवलीकडचा मालवणी माणूस, हातात कसब, म्हणून सगळ्यांचे मेस्त्री. अंगाने काटकुळे, भुवया कायम जळलेल्या, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आत्ता कोणीतरी वाईट बातमी घेऊन दारात येणार आहे.

पहिल्या भेटीत दादा त्यांना हसला होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याचा एक ट्रक आहे आणि त्या ट्रकवर आमचं घाटकोपरचं घर चालतं. साबण, बिस्किटं, तेलाचे डबे भरून तो गोवा हायवेने कणकवलीपर्यंत जातो. मी घरी बसून फोन सांभाळते: माल कोणाचा, उतरवायचा कुठे, आणि दादा आत्ता पोचला कुठवर. मी मुळात भांडखोर बाई. रिक्षावाल्याशी भांडते, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडते, गोडाऊनवाल्यांशी तर रोजचंच. भीती हा माझा प्रांत नव्हता. तो मला मेस्त्रींनी दाखवला.

त्या दिवशी गाडीखालून फटफट आवाज येत होता, म्हणून आम्ही गोवंडीला गेलो. दादाचं डोकं दुखत होतं. गेल्या काही खेपांपासून ते दुखायचं, कधी उलटीही व्हायची. आई पित्त म्हणून त्याला कोकम पाजत होती.

"निजतंस खंय?" मेस्त्रींनी विचारलं.

"म्हणजे?"

"रस्त्यार रात्र झाली, की निजतंस खंय?"

"गाडीतच की. एसी आहे ना नवीन गाडीला."

"इंजिन चालू ठेवन?"

"मग काय, उकडून मरू?"

मेस्त्रींनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "उकड्यान कोण मरणा नाय, झिला. झोपेत मरतत."

असं म्हणून त्यांनी दादाच्या हातातली गाडीची चावी काढून घेतली, नाडीला बांधून स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि ते गाडीखाली शिरले. दादा माझ्याकडे बघून हसला. मी हसले नाही, कारण खालची मेस्त्रींची ठोकठोक एकदम थांबली होती. मग त्यांनी मला खाली वाकायला लावलं. पाइप स्टेनलेस स्टीलचा. हायवेवर कोणीतरी त्याला वेल्डिंगच्या साध्या लोखंडी कांडीने टाके मारून दिले होते. त्या टाक्यांवर तांबूस गंज चढला होता आणि त्याच्या कडेने पाइप चांगला बोटभर चिरला होता. चीर वरच्या अंगाला, केबिनच्या तळाकडे तोंड करून. बरोबर त्याच्या वर गिअरच्या दांड्याचं भोक, आणि त्या भोकावरचं रबर फाटलेलं.

आमचा ट्रक सीएनजीवरचा. काळा धूर नाही, घाण वास नाही, म्हणून आम्ही खूश होतो. मेस्त्री नेमके त्यालाच भ्यायचे. "डिझेलचो धूर शिव्या घालीत येता," ते म्हणाले. "ह्यो मुको. येतलो, बाजूक बसतलो, तुका कळाचा पण नाय."

दादाचं ते पित्त, ती उलटी, सकाळी फोन लावला की बराच वेळ वाजत राहायचा तो. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर एका रांगेत उभं राहिलं. दादा अजून हसत होता. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

मेस्त्रींच्या भित्रेपणाच्या गोष्टी सांगायला बसलं तर दिवस पुरणार नाही. ते लिफ्टमध्ये पाऊल टाकायचे नाहीत. आमचं घर सातव्या मजल्यावर. सणासुदीला आईने बोलावलं, की जिन्याने चढून यायचे आणि धापा टाकत दारातल्या खुर्चीवर बसायचे. आत सोफ्यावर कधी नाही. आई म्हणायची, "अहो मेस्त्री, दम लागतो ना या वयात." ते म्हणायचे, "दम लागलो तर कळता तरी, वहिनी. लिफ्ट बंद पडली तर आतली हवा कधी संपली, ता कळता?"

आईची साठी आम्ही एका हॉलमध्ये केली. हॉल एसीचा, खिडक्या बंद. मेस्त्रींनी मॅनेजरला गाठून दरवाजे आत उघडतात की बाहेर, हे विचारलं. तो गोंधळला. मग मेस्त्री ताट घेऊन सरळ बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले आणि तिथूनच ओरडून वडे चांगले झाल्याचं सांगत राहिले. येणारा-जाणारा पाहुणा त्यांना ओलांडून आत जात होता.

चहा आधी हुंगायचे, मग प्यायचे. शेजारच्या पंक्चरवाल्याने मच्छरची कॉइल लावली, की ती उचलून गटारात टाकायचे आणि त्याच्या शिव्या मान खाली घालून ऐकायचे. घरी भर पावसात खिडकी उघडी. त्यांच्या मुलीने मला एकदा सांगितलं, की लहानपणी तिला वाटायचं, सगळ्यांच्याच घरात पावसाळ्यात गाद्या ओल्या असतात.

आणि हा माणूस पोटासाठी आगीशी खेळत होता! सीएनजीच्या गाडीवर वेल्डिंग म्हणजे त्यांच्या दृष्टीने देवाची परीक्षा पाहणं. आधी ड्रायव्हरने टाक्यांचे वॉल्व्ह बंद करायचे. मग मेस्त्री स्वतः जाऊन बघणार. मग चहा प्यायला जाणार आणि अर्ध्या वाटेतून परत येऊन पुन्हा बघणार. बॅटरीच्या वायरी काढायच्या, नाहीतर नव्या गाडीचा कॉम्प्युटर जळतो. स्टीलसाठी तारेचा ब्रश वेगळा. तो लोखंडाला लागलेला त्यांना चालत नसे. पहिल्यांदा मी तो उचलला तेव्हा ओरडलेच, "शिवा नको! इटाळ होतलो त्येका!"

"मेस्त्री," मी म्हटलं, "विटाळ-बिटाळ आपल्याकडे नको. माझ्यासमोर तर नकोच."

ते गडबडले. मग म्हणाले, "बरां. गंज म्हण. लोखंडाचो कण लागलो, की स्टीलाक पण गंज धरता." पुढे कायम गंजच म्हणाले.

त्यांच्या पेटीत एक दाढीचा आरसा होता. पाइपची वरची बाजू खालून दिसत नाही, म्हणून तो आरसा वर धरून ते चीर कुठवर गेलीय ते बघायचे. चिरेचं टोक सापडल्याशिवाय टाका नाही. "दिसता ता कधी फुटणा नाय," ते म्हणायचे. "दिसणा नाय ताच फुटता." मग आर्गनचा गॅस सोडून, काच डोळ्यांवर ओढून, श्वास रोखून ते बारीक तार वितळवत जायचे. वेल्डिंग झालं, की पाइपवर माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक ओळ उमटलेली असायची.

पण खरा तमाशा त्यानंतर. मेस्त्री केबिनमध्ये जाऊन बसायचे. गिअरच्या दांड्याचं रबर काढून टाकायचे, म्हणजे खालून गॅस यायचाच असेल तर थेट यावा. काचा बंद, दार बंद, इंजिन चालू, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. आणि आत बसून ते मोठ्याने हायवेवरची गावं म्हणायचे. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव... थेट त्यांच्या कणकवलीपर्यंत. प्रत्येक गावाला एक शेपूट, तिथे कोणाचा नवरा मेला, कोणाला काय चावलं. "माणगाव, मावशीचो घोव हयसर मेलो. लोणेरे, हयसर माका कुत्रो चावलो." काचेतून आवाज दबून यायचा. बाहेर एका माणसाने कान लावून उभं राहायचं. एक गाव गळलं, की दार उघडायचं.

बाहेर कोण उभं राहणार, याचाही नियम होता. जो गाडीत झोपतो तो नाही. त्याच्या घरचं माणूस. "ज्येका तो सकाळी उठलेलो होयो आसा, तोच नीट ऐकता," असं त्यांचं म्हणणं. दादाच्या गाडीपाशी मी उभी राहिले. ती गावं मला तोंडपाठ होती. रोज फोनवर दादाच्या मागे मागे मी तोच रस्ता जात असते.

"एक गाव चुकलंय, की दार उघड," त्यांनी मला बजावलं. "मी नको म्हटलंय तरी उघड. शिव्या घातलंय तरी उघड. आतल्या माणसाक आपण चुकलो ह्या कळणा नाय. समाजलंस?"

मी मान हलवली. त्यांनी काच वर केली. त्या दिवशी माझी भीती वेगळ्याच जातीची होती. माणूस समोर बसलाय, ओठ हलताहेत, आणि तो आहे की चाललाय, हे फक्त मला ठरवायचंय. पोलादपूरला ते खोकले तेव्हा माझा हात दाराच्या मुठीवर गेला होता. पण ते कणकवलीला पोचले, खाली उतरले आणि म्हणाले, "इलंय," म्हणजे आलो. त्यानंतर दादाचं डोकं दुखलं नाही. मी मात्र रोज फोनवर त्याला विचारू लागले, झोपतोस कुठे? तो चिडायचा, म्हणायचा, "तू पण मेस्त्री झालीस काय गं!"

त्यांचा सगळ्यात विचित्र प्रकार म्हणजे, कधीकधी ते काम परत पाठवायचे. एक ड्रायव्हर माझ्यासमोर गाडी घेऊन आला. मेस्त्रींनी सगळं विचारलं, खाली जाऊन पाहिलं, आणि हात झटकले. "आज होवचा नाय. आज माका भीती वाटत नाय. उद्या ये."

"क्या बोलता है?" ड्रायव्हर मला विचारू लागला. मी त्याला काय सांगणार, कप्पाळ!

तो गेल्यावर मी मेस्त्रींना धारेवर धरलं. भीती वाटत नसेल तर चांगलंच की. माणूस मोकळ्या मनाने काम करतो.

"बाय," ते म्हणाले, "भीती वाटली, की मी दोनदा बघतंय. नाय वाटली, की एकदाच."

हे सगळं त्यांच्यात आलं कुठून, याच्या गल्लीत हजार कथा होत्या. कोणी म्हणे त्यांचा भाऊ असाच गाडीत झोपेत गेला, कोणी म्हणे ती गाडी त्यांनीच दुरुस्त केलेली होती. माझ्यापाशी ते एकदाच बोलले, तेही न विचारता. आम्ही चहा पीत होतो. त्यांनी कप हुंगला आणि तसाच धरून ठेवला. "सकाळी चाय घेऊन उठवूक गेलंय," ते म्हणाले. "दोघंय निजलेले. असे निजलेले, की माका वाटला, उठवूक नको." मग ते उठले आणि आर्गनच्या सिलिंडरची चावी घट्ट करत बसले. ते दोघं कोण, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गेल्या दिवाळीला दारावरची बेल वाजली. उघडलं तर मेस्त्री. धापा नाहीत, घाम नाही.

"जिन्याने आलात?" मी विचारलं.

"लिफ्टीन इलंय गो. बरी आसा की लिफ्ट तुमची."

आई खूश झाली. मेस्त्री आत सोफ्यावर ऐसपैस बसले. चहा हुंगला नाही, सरळ प्याले. चकली खाल्ली, टीव्ही बघितला, मोठमोठ्याने हसले. आईला तिचं गाव विचारलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. ते निघाले तेव्हा मी लिफ्टपर्यंत सोडायला गेले. दार सरकत बंद झालं आणि आत मेस्त्री हसत उभे होते. आत आले तर आई म्हणत होती, "सुटले गं बिचारे, जन्मभर भीत राहिले." इतका आनंदी मेस्त्री मी कधी पाहिला नव्हता आणि मला तो बघवत नव्हता.

रात्री त्यांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा हल्ली विसरतात. गॅस चालूच ठेवतात, रस्ता ओलांडताना बघत नाहीत. घरात बसवलं की कासावीस होतात, म्हणून दुकानात जाऊ देते. तुमच्यासारखं कोणी आलं, की माझा जीव थोडा भांड्यात पडतो."

त्यानंतर काही महिन्यांनी दादाच्या गाडीचा पाइप पुन्हा चिरला, जुन्या जागेच्या थोडा पुढे. पाइप लटकवायचा रबरी पट्टा तुटला होता आणि खड्ड्याखड्ड्यातून तो आपटत आला होता. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाकडे जाऊ. दादा म्हणाला, "बाकीचे लोखंडाची कांडी फिरवून मोकळे होतात. मेस्त्रींचा हात अजून पक्का आहे ना? मग झालं तर." मनात जे होतं, ते सांगण्यासारखं नव्हतं.

मेस्त्रींनी आम्हाला बघून हात वर केला. "इलास? बरां झाला. खंय फुटलो?" आणि सरळ गाडीखाली.

मी उभीच राहिले. त्यांनी विचारलं नव्हतं. चावी गाडीलाच लटकत होती.

"मेस्त्री, काही विचारलं नाहीत."

"काय इचारू?"

त्यांच्या डोळ्यांत खरोखर काही नव्हतं. लहान मुलासारखे स्वच्छ डोळे. वॉल्व्ह आणि बॅटरी दादाने आपणहून बंद केली, कारण इतक्या वर्षांत त्यालाही वळण लागलं होतं. मेस्त्री एका मालवणी गाण्याची चाल गुणगुणत घासू लागले. काम करताना तोंडातून आवाज काढणारा हा माणूसच नव्हता. हात मात्र तसेच चालत होते. पट्टा नवा बसवला, आर्गन सोडला, खवल्यांची तीच सुरेख ओळ उमटली. दादा माझ्याकडे बघून हसला, म्हणजे बघ, कुठे काय झालंय त्यांना?

मग मेस्त्री केबिनमध्ये चढले. इंजिन चालू करायच्या आधीच, दार सताड उघडं असताना, त्यांनी सुरुवात केली. "पनवेल. पेण. नागोठणे..." थोडं थांबले. "नागोठणे. महाड."

दादाचं हसू गेलं. मोकळ्या हवेतच गावं गळत होती. म्हणजे ती परीक्षाच आता संपली. त्यांचं गाव गळलं, तर ते गॅसने की वयाने, हे कोण सांगणार? आणि गाडी तर निघायची होती. दादा त्यात झोपणार होता.

"मी बसतो," दादा म्हणाला.

"तू नाही. तुला आज गाडी चालवायचीय. मी बसते."

मी चढले. रबर काढलं, काचा चढवल्या, दार ओढून घेतलं, चावी फिरवली. मेस्त्रींना मी सांगितलं होतं, "मी गावं म्हणते, तुम्ही ऐका." ते आज्ञाधारकपणे दाराशी उभे राहिले. त्यांच्या मागे दादा. काचेतून मेस्त्रींचा चेहरा जवळ दिसत होता आणि त्या चेहऱ्याकडे बघत मी पनवेल म्हटलं.

मी इतकी कधी घाबरले नव्हते. माझ्यावर पहारा ठेवणाऱ्या माणसाजवळ स्वतःचंच वडखळ उरलं नव्हतं. पण दादा होता ना मागे. मी मोठ्याने म्हणत गेले. पेण, वडखळ, नागोठणे. गाडी थरथरत होती. केबिन तापलं होतं, घाम मानेवरून उतरत होता. वास काही नव्हता. कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे. मी मनात म्हटलं, बघ, सगळं ठीक आहे. उगाच जीव घाबरा केलास. महाड, पोलादपूर, भरणे नाका. कपाळाच्या मधोमध थोडं दुखत होतं, पण ते उन्हाने. चिपळूण. सावर्डे. संगमेश्वर. हातखंबा. हातखंब्याला मला नेहमी वाटतं, इथून उजवीकडे वळावं, रत्नागिरीला जाऊन समुद्र बघावा. आता मला मुळीच भीती वाटत नव्हती. छान वाटत होतं. पुढे लांजा म्हणणार, तोच दार उघडलं.

मेस्त्रींनी माझा दंड धरला. "उतर."

"अहो, झालं होतं! थोडंच राहिलं होतं!"

"उतर खाली."

"सगळी म्हणाले मी. हातखंबा म्हणाले. तुम्हीच विसरता आणि मला—" माझा तोल सुटला. नको ते बोलले. दार लावा म्हटलं, म्हातारे झालात म्हटलं.

"घाल शिव्या," मेस्त्री म्हणाले. "किती होयो तितक्यो घाल. दार लावचंय नाय." आणि त्यांनी मला ओढून बाहेर काढलं. एवढ्या काटकुळ्या अंगात तेवढी ताकद कुठून आली कोण जाणे. पाय जमिनीला टेकले आणि गुडघे मोडले. मी चाकाला धरून बसले. पोटातलं सगळं वर आलं.

"दादा, सांग ना त्यांना," मी म्हणाले. "मी हातखंबा म्हणाले की नाही?"

दादा पांढरा पडला होता. "नाही गं," तो म्हणाला. "संगमेश्वर म्हणालीस. मग परत संगमेश्वर. मग परत. मला वाटलं, तू मेस्त्रींना तपासतेयस. मग गप्पच झालीस, नि हसत बसलीस."

मी हातखंबा म्हणाले होते. आजही मला ते माझ्याच आवाजात ऐकू येतं. तो वळणावरचा बोर्डसुद्धा दिसतो. ते मी कधी म्हणालेच नाही, हे माझ्या भावाने सांगितलं म्हणून मी मानते, आणि मानताना दर वेळी अंगावर काटा येतो.

"मेस्त्री," दादाने विचारलं, "गाव चुकलं ते तुम्हाला कळलं कसं?"

"गाव?" मेस्त्री म्हणाले. "गाव माका खंय आठवतत रे. हिचो आवाज निजाक लागलो."

मग ते पेटीकडे गेले. दाढीचा आरसा तळाशी पडला होता, तो काढताना त्यांच्या हातातून निसटला, कारण हात थरथरत होते. मला रडू आलं. इतक्या महिन्यांत ते हात पहिल्यांदा थरथरले होते. इंजिन बंद करून, पाइप निवेपर्यंत थांबून, त्यांनी मागच्या तोंडात ओला बोळा कोंबला, पाइपच्या जोडातून हवा भरली आणि साबणाचं पाणी फासून आरसा वर धरला. वरच्या अंगाला, त्यांच्याच सुरेख ओळीच्या टोकाला, बुडबुडे येत होते. चीर ओळीच्या पुढे गेली होती आणि त्यांनी तिचं टोक शोधलंच नव्हतं.

"ह्यां कोणी केल्यान?" त्यांनी विचारलं.

त्यांनी आमची तोंडं पाहिली आणि त्यांना समजलं. ते खाली मातीत बसले. मला वाटलं, आता उठणार नाहीत. पण थोड्या वेळाने उठले, वॉल्व्ह बघून आले, गल्लीच्या कोपऱ्यावरून परत फिरून पुन्हा बघून आले, आणि ग्राइंडर लावून स्वतःची ती ओळ त्यांनी सगळी खरवडून काढली. संध्याकाळपर्यंत काम चाललं होतं. या खेपेला तोंडातून चकार शब्द नाही. फक्त आरसा वर जायचा आणि खाली यायचा. दादाने त्या दिवशीचा माल दुसऱ्या गाडीवर चढवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा केबिनमध्ये बसले. आई नको म्हणत होती. मेस्त्री बाहेर दाराची मूठ धरूनच उभे होते, आणि या खेपेला दादाही काचेला नाक लावून. मी प्रत्येक गाव त्या दोघांच्या तोंडांकडे बघून म्हटलं. हातखंब्याला माझा आवाज कापला. मेस्त्रींची मूठ वळली, पण दार उघडलं नाही. कणकवली म्हणून, इंजिन बंद करून मी उतरले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्या हातातली चावी घेतली आणि दादासमोर धरली, पण सोडली नाही.

ते त्याच्याकडे निरखून बघत होते. कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"तू कोण रे?" त्यांनी विचारलं.

दादा माझ्याकडे वळला.

"ऱ्हवांदे," मेस्त्री म्हणाले. "कोणय आस. निजतंस खंय?"

इतकी वर्षं या प्रश्नाला दादाने धड उत्तर कधी दिलं नव्हतं. आता तो त्यांच्यासमोर हात बांधून उभा राहिला.

"बाहेर, मेस्त्री," तो म्हणाला. "गाडी बंद करून. खाटेवर, उघड्यावर झोपतो."

मेस्त्रींनी चावी सोडली.